रंगमंचावरचं रक्त

महोदय,
शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’ असो वा मूळ ‘मॅकबेथ’, कोल्हापुरातल्या हौशी मंडळींनी खोटं रक्त आधी दिव्याखाली तपासावं. दिव्यावरच्या लाल जिलेटिन कागदाखाली ते फिकं पडून जवळजवळ दिसेनासं होतं, हिरव्याखाली काळं दिसतं. लेडी मॅकबेथच्या झोपेत हात चोळण्याच्या प्रसंगात मात्र रंग लावूच नये; तो डाग तिच्या मनात आहे. मेजवानीतलं भूत रिकाम्या खुर्चीवर सोडलं, तर मॅकबेथ झालेल्या नटाची नजर एकाच उंचीवर खिळलेली हवी. वीतभर ढळली की भूत गायब!
आणि चेटकिणी? चित्रकार फ्युसेलीने १७८३च्या चित्रात तिघींचे चेहरे एकाच दिशेला वळवले, हात पुढे, बोटं ओठांवर. बस्स. आपल्याकडे त्यांना केस पिंजारून उगाच नाचवतात.

– एक नाट्यरसिक, कोल्हापूर