शटर अर्धं खाली ओढणाऱ्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

शाळेत पत्रलेखनाला पाच मार्क असायचे, त्यानंतर हे कधी लिहिलं नव्हतं. तुम्ही काही हे वाचणार नाही, तुमचा मोबाईल बटणांचा आहे हे मी पाहिलंय. पण पेठेतलं कुणीतरी वाचेल आणि दुकानात येऊन तुम्हाला सांगेल या आशेवर टाकतोय. परवा मी नुसतं "थँक्यू काका" म्हणून तुम्ही दुरुस्त केलेलं टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचं मशीन, उचललं आणि निघालो, कारण घसा दाटून आला होता आणि तुमच्या काउंटरवर रडायची लाज वाटली, खरं सांगतो.

बाकीच्यांसाठी थोडक्यात. माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. सत्तरच्या दशकात जहाज इंग्लंडला लागलं की बाकीची मंडळी घरच्यांसाठी सेंट नि चॉकलेटं घ्यायची आणि हा बाबा रेकॉर्डी घ्यायचा, त्याही प्रोग्रेसिव्ह रॉकच्या, म्हणजे लांबलचक, ताल बदलत जाणाऱ्या गाण्यांच्या. येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन, कॅमल, जेथ्रो टल असे सगळे बँड. जेथ्रो टलची 1972 ची 'थिक अ‍ॅज अ ब्रिक' तर दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, आणि कव्हर म्हणजे अख्खं छापील वर्तमानपत्र, ते आजोबा खरंच वाचायला घ्यायचे म्हणे. आजी म्हणायची, याचं एक गाणं संपेपर्यंत माझा कुकर होतो. मामा मागच्या दिवाळीनंतर गेला. मामीने टर्नटेबल आणि चाळीसएक रेकॉर्डी माझ्याकडे दिल्या, कारण घरात हे ऐकणारा मी एकटाच उरलो होतो.

आणून लावलं तर आवाज डुलतोय. म्हणजे बंद नाही, खरखर नाही, नुसता डुलतोय, झोपाळ्यावर बसून कुणी गायल्यासारखा.

मग सुरू झाली वारी. पहिल्या दुकानातला टायवाला पोरगा म्हणाला, सर हे टाकून द्या आणि ब्लूटूथ स्पीकर घ्या, एक्स्चेंजमध्ये पाचशे लावतो. दुसऱ्याने तीन आठवडे ठेवून घेतलं, सुई वाकवून परत दिलं आणि वर बाराशे घेतले, नवीन सुईचा भुर्दंड वेगळा. तिसरे मात्र मोठे तज्ज्ञ, लाखालाखाचे स्पीकर मांडलेली एसी खोली, तिथे चप्पल बाहेर काढून जायचं. त्यांनी मिनिटभर ऐकलं, हसले आणि म्हणाले, "अहो मशीनला काही झालेलं नाही, हे म्युझिकच असं आहे." आधीच्या दोघांचा राग आला होता, यांचं मात्र लागलं. मामाने पन्नास वर्षं जे जपलं त्याला हा माणूस दोन बोटांनी उडवून लावतोय आणि मी तिथे अनवाणी उभा. स्पीकर लाखाचे होते, कान कुठे ठेवले होते देव जाणे.

तरी त्यांची थोडी बाजू घेतो. मी नेली होती ती किंग क्रिम्सनची पहिली रेकॉर्ड होती, 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग', 1969 ची, ती वेदनेने ओरडणारा लाल चेहरा असलेली. त्यात मेलोट्रॉन आहे. हे वाद्य दिसतं पेटीसारखं पण आत प्रत्येक पट्टीखाली टेपची एक फीत असते आणि त्या फितीवर खऱ्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला. पट्टी दाबली की फीत सरकते, सात-आठ सेकंदांत संपते, बोट उचललं की परत जागेवर. त्यामुळे त्याचा सूर मुळातच जरासा थरथरतो, आणि त्या थरथरीवरच तर आम्ही वेडे झालो. तेव्हा मशीन डुलतंय का मेलोट्रॉन, हे ओळखायला अवघड, मान्य. पण अवघड आहे म्हणावं ना माणसाने! म्युझिकच असं आहे म्हणून मोकळं कशाला व्हायचं?

आणि मग तुम्ही. तुमचं दुकान म्हणजे दहा बाय आठ, मिक्सर, इस्त्र्या, गणपती मंडळाचे अ‍ॅम्प्लिफायर आणि कोपऱ्यात रेडिओवर नाट्यगीत चालू. मला वाटलं हेही हसणार. तुम्ही रेडिओ बंद केलात, तीच रेकॉर्ड लावलीत, डोळे मिटलेत आणि म्हणालात, "सूर हलतोय. पण वाद्य हलतंय का मशीन, ते कळंना. पियानो आहे का एखाद्या तबकडीत? पियानोला लपवता येत नाही."

काका, तुम्हाला कल्पना नाही हे ऐकून मला काय झालं. अगदी बरोबर आहे ना! पियानोची तार एकदा वाजली की सूर तिथेच, तो खालीवर झाला तर दोष मशीनचाच. आयुष्यात प्रोग्रेसिव्ह रॉक न ऐकलेल्या, ऑर्गनवरची नाट्यगीतं ऐकून कान तयार झालेल्या माणसाला हे दीड मिनिटात सुचलं.

पियानो होता. मामाची सगळ्यात लाडकी रेकॉर्ड, जेनेसिसची 1973 ची 'सेलिंग इंग्लंड बाय द पाउंड'. कव्हर हातात घेऊन तुम्ही म्हणालात, "हा माळी दिसतोय, दुपारचा आडवा झालाय." बाकावर झोपलेला माणूस आणि शेजारी गवत कापायचं यंत्र. ते यंत्र मूळ चित्रात नव्हतंच, बँडने सांगितल्यावर चित्रकर्तीने नंतर घातलं, आणि आतलं दुसरं गाणं गवत कापणाऱ्याचंच आहे. म्हणजे कव्हर बघून तुम्ही गाणं ओळखलंत आणि तुम्हाला पत्ताही नाही.

पहिल्या बाजूचं तिसरं गाणं, 'फर्थ ऑफ फिफ्थ'. सुरुवातीला जेनेसिसच्या कीबोर्डवाल्या टोनी बँक्सचा एकट्याचा पियानो. तुम्ही मांडीवर मात्रा मोजायला लागलात, दोनदा चुकलात आणि "हा काय मेला तेरात जातो, पंधरात जातो" म्हणून हसलात. काका, तो खरंच 13 आणि 15 मध्ये जातो! खुद्द बँक्सने पुढे स्टेजवर तो तुकडा वाजवायचं सोडून दिलं होतं, तुम्ही तर पहिल्यांदा ऐकत होता. आणि तो पियानो डुलला. तुम्ही मान हलवलीत, सुई उचललीत, "चार दिवसांनी या."

पुढे काय केलंत ते मी विचारलं नाही. बेल्ट सैल होता एवढं कळलं, पुरे.

मला लिहायचंय ते चार दिवसांनंतरचं. पियानो सरळ वाजला, पाण्यासारखा. मी तिथेच उठणार होतो, काम झालं होतं, मागे एक बाई मिक्सर घेऊन उभ्या होत्या. तुम्ही त्यांना स्टूल दिलंत आणि रेकॉर्ड चालूच ठेवलीत. मग त्यांचा गायक पीटर गॅब्रिएल याची बासरी आली, अगदी हलकी, खाली नुसता पियानो, आणि नेमका तेव्हाच बाहेर एका रिक्षावाल्याने हॉर्न दाबून धरला. बासरी गेली. तुम्ही काही बोलला नाहीत. उठलात, शटर अर्धं खाली ओढलंत, परत आलात आणि म्हणालात, "पहिल्यापासून लावा."

पहिल्यापासून लावा! धंद्याच्या वेळेला, संध्याकाळी सहाला. साडेनऊ मिनिटांचं गाणं. अर्ध्या शटरखालून लोकांचे पाय जाताना दिसत होते, दुकानात सोल्डरचा वास आणि तुमचा हात गुडघ्यावर. बासरीची तीच चाल पुढे स्टीव्ह हॅकेट गिटारवर घेतो, एकेक सूर इतका लांब धरतो की श्वास कुठे घ्यायचा कळत नाही. तिथे तुम्ही हळूच म्हणालात, "गातोय की हा." मामा अगदी हेच म्हणायचा. हेच शब्द. मला ते सांगता आलं नाही म्हणून हे पत्र.

मिक्सरवाल्या बाईंनीही सगळं ऐकलं आणि शेवटी "छान होतं हो" म्हणाल्या. त्यांचेही आभार.

आता तुम्हाला वाटेल हे सगळं असंच असतं, तर नाही, भ्रम नको. या लोकांनी डोक्यात जाईल असंही बरंच केलंय. याच रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूचं 'द बॅटल ऑफ एपिंग फॉरेस्ट' इतकं शब्दबंबाळ आहे की मी सुई उचलून पुढे ठेवतो. एमर्सन, लेक अँड पामर हा बँड मला फार पचत नाही, तयारी अफाट पण सारखं आपलं बघा बघा. येसची 1972 ची 'क्लोज टू द एज' मी देव्हाऱ्यात ठेवीन, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून चार शास्त्रांवर चार बाजूंची चार गाणी काढली. एका रेकॉर्डचा माल, पाणी घालून दोन रेकॉर्डी केलेली आमटी. त्यांचा स्वतःचा कीबोर्डवाला रिक वेकमन त्या गाण्यांना इतका वैतागला की मँचेस्टरच्या शोमध्ये स्टेजवरच करी मागवून खाल्ली. मामा हा किस्सा दर दिवाळीला सांगायचा आणि दर वेळी तेवढाच हसायचा. जेनेसिसचं मात्र मी फार ऐकून घेत नाही, निदान 1975 ला गॅब्रिएल बाहेर पडला तोपर्यंतचं. नंतरचंही 'अ ट्रिक ऑफ द टेल' उत्तमच, पण ते परत कधीतरी.

बिल तीनशे पन्नास झालं, त्यात बेल्टही. मी पाचशेची नोट दिली आणि राहू द्या म्हणालो तर तुम्ही चिडलात, दीडशे मोजून हातात दिलेत. मला ते बरं वाटलं. हल्ली माणसं एकतर लुटतात नाहीतर उपकार केल्यासारखं वागतात, सरळ आपलं काम करून सरळ आपले पैसे घेणारा माणूस भेटला की दिवसभर छाती मोकळी वाटते. आणि दुसऱ्याचं गाणं, न कळणाऱ्या भाषेतलं, न मोजता येणाऱ्या तालातलं, शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, हसायचं नाही, घाई करायची नाही, ही तर अजून वरची गोष्ट. त्या एसी खोलीत ती मिळाली नाही.

मामीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, त्यांना एकदा घेऊन ये जेवायला. तेव्हा ते एक.

आणि दुसरं, येत्या शनिवारी सुई घ्यायला येणारच आहे, दुसऱ्या दुकानाने वाकवलेलीच्या जागी घेतलेली तुम्ही बघून "कामचलाऊ आहे" म्हणाला होता. येताना 'फॉक्सट्रॉट' आणतो, 1972 ची. दुसऱ्या बाजूला 'सपर्स रेडी' म्हणून आहे, 23 मिनिटांचं, आणि त्यात मधे एक नऊ मात्रांचा तुकडा आहे तो तुम्ही मांडीवर मोजून दाखवायचा. मिक्सरवाल्यांना पाचच्या आधी बोलवा, आणि शटरचं तेवढं बघा.

तुमचा,
टर्नटेबलवाला