चुकीच्या केबलमुळे निकामी झालेल्या कीबोर्ड संचाबाबत आणि नाकारलेल्या हमीबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 58 कळांच्या दुभागी कीबोर्ड संचातील सदोष जोडकेबल, त्यामुळे जळालेला डावा कंट्रोलर आणि ‘सोल्डर केलेल्या मालाला हमी नाही’ असे आपल्याकडून आलेले उत्तर.

महोदय / महोदया,

घरी जोडून घ्यायचा 58 कळांचा दुभागी कीबोर्ड संच मी आपल्या संकेतस्थळावरून 11,400 रुपये भरून विकत घेतला. बीजकाची प्रत सोबत जोडली आहे. दोन भाग एकमेकांना जोडण्यासाठी संचात जी केबल आली ती चुकीच्या प्रकारची होती, ती लावताच डाव्या भागाचा कंट्रोलर (कळांचे संकेत संगणकाला पोहोचवणारा छोटा सर्किट बोर्ड) जळाला, आणि हे कळवल्यावर आपल्या विभागाने ग्राहकाने स्वतः सोल्डरिंग (वितळवलेल्या धातूने सुटे भाग जोडण्याचे काम) केले असल्याने हमी संपुष्टात आली असे उत्तर पाठवले. केबल आणि जळालेला भाग बदलून मिळाला असता तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती. जो माल सोल्डर केल्याखेरीज वापरताच येत नाही, त्याला सोल्डर करताच हमी संपते हा आपला नियम मला मान्य नाही आणि तो मान्य का नाही, हे सविस्तर लिहीत आहे.

मी पुण्यात राहते आणि न्यायालयीन व कायदेविषयक कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. टंकलेखन इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळमांडणीच्या, पद्धतीने करते. या पद्धतीत ख, घ, थ, ध, फ, भ ही सारी महाप्राण अक्षरे शिफ्ट कळ दाबून येतात, आणि नेहमीच्या कीबोर्डवर शिफ्ट करंगळीखाली असते. सरळ कीबोर्डवर मनगटे बाहेर, करंगळीच्या दिशेने, वळलेली राहतात, आणि तशा अवस्थेत दिवसभर करंगळी ताणल्याने दोन्ही हातांना दुखणे जडले. अस्थिरोगतज्ज्ञांनी हात खांद्यांच्या अंतरावर सरळ राहतील अशी मांडणी करायला सांगितले. दोन भाग वेगवेगळे ठेवता येणारा आणि शिफ्ट अंगठ्याखाली घेता येईल असा कीबोर्ड मी म्हणूनच शोधत होते. 42 कळांचे संच स्वस्त मिळतात, परंतु इनस्क्रिप्टमध्ये ‘ड’ हे अक्षर ‘ज’च्या उजवीकडे चौकटी कंसाच्या कळीवर असते आणि 42 कळांच्या नेहमीच्या मांडणीत त्या कळीला जागा उरत नाही. ‘दंड’, ‘खंडपीठ’, ‘जोडपत्र’ हे शब्द रोज लिहिणाऱ्या माणसाला दर वेळी वेगळी कळ दाबून दुसऱ्या थरात जाऊन ‘ड’ आणणे परवडत नाही. आपल्या पानावर ‘भारतीय भाषांच्या टंकलेखनास योग्य’ असे ठळक अक्षरांत लिहिले होते, त्यावर विश्वास ठेवून मी थोडी जास्त किंमत मोजली.

जोडणीविषयी आता लिहिते, कारण आपल्या उत्तरात सारा ठपका माझ्या सोल्डरिंगवर ठेवलेला आहे. तापमान ठरवता येणारी सोल्डरिंग आयर्न 350 अंशांवर ठेवून आणि 63/37 प्रमाणाची कथिल-शिशाची तार वापरून मी काम केले. प्रत्येक कळीला एक याप्रमाणे बसणारे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) लावताना त्यांच्यावरील पट्टी पीसीबीवर, म्हणजे सर्किटच्या पाटीवर, छापलेल्या खुणेशी जुळवली. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्या माहितीपत्रकातील चित्रात ती पट्टी उलट्या बाजूला दाखवलेली आहे. चित्राप्रमाणे बसवले असते तर एकही कळ चालली नसती. म्हणून पहिला डायोड बसवताच फर्मवेअरमध्ये, म्हणजे कंट्रोलरमधील आज्ञावलीत, प्रवाहाची दिशा काय ठरवली आहे हे पाहून घेतले आणि पीसीबीवरील खूण बरोबर असल्याची खात्री केली. कळा खोचून बसवण्याचे हॉटस्वॅप सॉकेट 58 ऐवजी 56 निघाले. उरलेले दोन मी तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणले. त्याबद्दल माझी वेगळी मागणी नाही, मात्र संच भरताना मोजदाद होत नाही एवढे त्यावरून आपल्या लक्षात यावे.

दोन्ही भागांची जोडणी पूर्ण झाल्यावर मी केबल न लावता प्रत्येक भाग स्वतंत्रपणे यूएसबीने लॅपटॉपला जोडून पाहिला. आपल्या रचनेत कोणता भाग डावा आणि कोणता उजवा हे फर्मवेअरला पीसीबीवरील एका पिनवरूनच कळते, त्यामुळे अशी वेगवेगळी चाचणी घेता येते, आणि ही सोय चांगली आहे हे मान्य करायला हवे. चिमट्याने एकेका सॉकेटचे दोन बिंदू जोडत गेले तेव्हा दोन्ही भागांवरील प्रत्येक कळीचे अक्षर पडद्यावर उमटले. या चाचणीची चित्रफीत मी आपल्याला पाठवलेली आहे. सोल्डरिंगमध्ये दोष असता तर तो याच वेळी दिसला असता.

यानंतर आपल्या सूचनेनुसार यूएसबी काढून ठेवली, संचातील केबल दोन्ही भागांत घट्ट बसवली आणि मग डाव्या भागाला यूएसबी जोडली. ‘वीज चालू असताना केबल काढू किंवा घालू नये’ ही सूचना मी तंतोतंत पाळली आहे. विंडोजने यूएसबीवर जादा वीज खेचली जात असल्याचा इशारा दाखवला आणि मी हात पुढे करेपर्यंत डाव्या कंट्रोलरमधून जळका वास आला. तेव्हापासून डावा भाग लॅपटॉप ओळखतच नाही. बूट कळ दाबून धरून जोडला तरी आरपी2040 चिपची जी ड्राइव्ह उघडायला हवी ती उघडत नाही. उजवा भाग मात्र स्वतंत्रपणे पूर्वीसारखाच चालतो.

केबल हातात घेऊन पाहिल्यावर कारण कळायला वेळ लागला नाही. आपल्या पानावर, बीजकावर आणि केबलच्या पाकिटावरील चिकटपट्टीवरही ‘टीआरआरएस’ असे लिहिलेले आहे. टीआरआरएस प्लगच्या धातूवर तीन काळ्या पट्ट्या असतात आणि त्यांनी त्याचे चार वेगळे भाग पडतात. माइक असलेल्या मोबाइलच्या इअरफोनचा प्लग तसाच असतो. पाकिटातून निघालेल्या केबलच्या दोन्ही टोकांना दोनच पट्ट्या आहेत, म्हणजे ती साधी, तीन भागांची ऑडिओ केबल आहे. चार संपर्कांच्या जॅकमध्ये असा प्लग घातला की जॅकचे शेवटचे दोन संपर्क प्लगच्या एकाच धातूच्या भागाला टेकतात. आपल्या पीसीबीवर याच दोन संपर्कांपैकी एकावर वीजपुरवठा आणि दुसऱ्यावर ग्राउंड आहे, म्हणजे केबल लावताच थेट शॉर्ट सर्किट. हा नुसता तर्क राहू नये म्हणून मी मल्टिमीटर लावून पाहिले. यूएसबी काढलेल्या उजव्या भागावर वीजपुरवठा आणि ग्राउंड यांच्यात केबलशिवाय सलगता, म्हणजे वीज जायला थेट वाट, नाही. आपली केबल नुसती खोचली की मल्टिमीटर सलग वाजू लागतो. बाजारातून आणलेली चार भागांची केबल खोचली की तो गप्प राहतो. तिन्ही मोजमापांची छायाचित्रे सोबत आहेत.

आपल्या विभागाकडून यावर आलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. पहिल्या ईमेलमध्ये ‘सोल्डर केल्यावर हमी रद्द होते’ असे लिहिले होते. मी केबलचे छायाचित्र पाठवल्यावर ‘केबल ही संचासोबतची मोफत वस्तू असून तिला हमी लागू नाही’ असे उत्तर आले. फोनवर बोललेल्या प्रतिनिधींनी ‘3.5 मिमीची कोणतीही केबल चालते’ असे सांगितले, ते तर धोकादायक आहे. आणि शेवटच्या ईमेलमध्ये कंट्रोलर काढून ‘मूळ स्थितीत’ पाठवल्यास विचार करता येईल असे म्हटले आहे. 24 पायांनी पीसीबीत सोल्डर केलेला कंट्रोलर पुन्हा न वापरलेल्या स्थितीत कसा काढायचा, हे आपल्या तंत्रज्ञांनी एकदा स्वतः करून दाखवावे. तो काढताना पीसीबीवरील तांब्याच्या चकत्या उखडल्या तर त्याचेही खापर माझ्याच माथी फुटेल, याची मला पुरेपूर कल्पना आहे.

या उत्तरांपैकी मोफत वस्तूचा मुद्दा टिकणारा नाही. बीजकात संचाच्या घटकांची यादी आहे आणि तिच्यात ‘टीआरआरएस केबल – 1’ ही स्वतंत्र नोंद आहे. जिच्याशिवाय दोन भाग मिळून एक कीबोर्ड होतच नाही, ती वस्तू भेट ठरत नाही. शिवाय भेट म्हणून दिलेल्या वस्तूने विकलेली वस्तू जाळली तर विक्रेत्याची जबाबदारी कमी कशी होते, हेही मला समजलेले नाही.

हमी रद्द होण्याचा मुद्दा अधिक गंभीर आहे. आपण विकता ते सुटे भाग आहेत. ग्राहकाने ते सोल्डर करावेत हाच त्या विक्रीचा उद्देश आहे आणि पानावर ‘घरी सहज जोडा’ असे आपणच लिहिले आहे. कंट्रोलर, डायोड, जॅक, केबल यांपैकी कशातही दोष असेल तर तो सोल्डर करून वीज दिल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही. धुतल्यावर कापडाचा रंग गेला म्हणून परत न्यावे, तर दुकानदाराने ‘धुतलेले कापड परत घेत नाही’ म्हणावे, तसे हे उत्तर आहे. ज्या क्षणी दोष कळू शकतो त्याच क्षणी हमी संपत असेल, तर पानावर लिहिलेली सहा महिन्यांची हमी प्रत्यक्षात एका दिवसाचीही नाही. चुकीच्या सोल्डरिंगने झालेले नुकसान आपण भरून द्यावे असे कोणी म्हणत नाही. ते तपासून नाकारण्याचा अधिकार आपल्याला आहेच. पण तपासणी न करता, सोल्डर केले एवढ्याच कारणाने नाकारणे निराळे. त्यातही ही अट विक्रीच्या पानावर किंवा बीजकावर कुठेही नाही. ती खोक्याच्या तळाशी ठेवलेल्या एका चिठ्ठीवर छापलेली आहे, म्हणजे पैसे भरून, माल हाती आल्यावर कळणारी.

या नुकसानीचा माझ्या कामावर काय परिणाम झाला हेही आपल्याला कळायला हवे, कारण ‘एक भाग तर चालतो आहे’ असे वाक्य आपल्या एका ईमेलमध्ये आहे. इनस्क्रिप्टमध्ये काना, वेलांट्या, उकार, मात्रा, अनुस्वार आणि अक्षराचा पाय मोडणारी हलन्त कळ या सगळ्या डाव्या हाताकडे आहेत. बहुतेक व्यंजने उजवीकडे असली तरी म, न, व डावीकडेच आहेत. चालू असलेल्या उजव्या भागावर ‘तक्रार’ हा शब्द लिहिला तर ‘तकरर’ एवढेच उमटते. अर्ध्या कीबोर्डवर अर्धे काम होते, असा आपला समज असल्यास तो दूर व्हावा. सध्या मी पुन्हा जुन्या सरळ कीबोर्डवर काम करते आहे आणि ज्या दुखण्यासाठी हा सारा खर्च केला ते दुखणे जसेच्या तसे आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सदोष माल बीजकात दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आत, परत घेण्यास व त्याची किंमत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. आपल्या बीजकावर कोणतीही मुदत छापलेली नाही आणि माझी पहिली तक्रार तीस दिवसांच्या आतली आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याने तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत द्यायची असते आणि तक्रारीचे निवारण एका महिन्यात करायचे असते. माझ्या आधीच्या ईमेलना उत्तरे आली ती ग्राहक सेवा प्रतिनिधींकडून; अधिकाऱ्याची पोच मला मिळालेली नाही. हे पत्र म्हणूनच थेट आपल्या नावे पाठवत आहे.

माझी मागणी साधी आहे. डाव्या भागाची नवी पीसीबी, नवा कंट्रोलर, त्यावर लागणारे डायोड व सॉकेट आणि चार भागांची खरी टीआरआरएस केबल आपण स्वखर्चाने पाठवावी. अथवा संपूर्ण संच आपल्या खर्चाने परत नेऊन 11,400 रुपये परत करावेत. यांपैकी कोणताही पर्याय मला चालेल. पुढील खरेदीवर दहा टक्के सवलतीचे जे कूपन आपण देऊ केले आहे ते मी स्वीकारत नाही, आणि त्याला माझ्या तक्रारीचे निवारण समजू नये. निकामी डावा भाग तपासणीसाठी हवा असल्यास तो आहे त्या अवस्थेत, कंट्रोलर न काढता, आपल्या कुरियरच्या हाती देईन.

आणखी एक गोष्ट आपण माझ्यासाठी नव्हे तर इतरांसाठी करावी. पाकिटावरची चिकटपट्टी छापील आहे, त्यामुळे चुकीची केबल एकाच पाकिटात गेली असेल असे मला वाटत नाही. ज्यांनी हा संच घेतला आहे आणि अजून जोडलेला नाही, त्यांना प्लगवरील काळ्या पट्ट्या मोजून पाहण्याची सूचना आजच्या आज ईमेलने पाठवा. तीनपेक्षा कमी असतील तर केबल लावू नका, एवढे दोन ओळींत लिहिले तरी पुरे. माझ्या तक्रारीनंतर आपल्या पानावरील ‘टीआरआरएस केबल’ हे शब्द बदलून तिथे नुसते ‘3.5 मिमी केबल’ असे लिहिलेले दिसते. जुन्या पानाची प्रत माझ्याकडे आहे. शब्द बदलण्याची तत्परता दाखवता आली, तर ग्राहकांना सावध करण्याचीही दाखवता यावी.

नियमाप्रमाणे 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निर्णय न मिळाल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यानंतर पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करण्याची तरतूद आता कायद्यातच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. कागदपत्रे तयार करणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, त्यामुळे त्याचाही मला फारसा भार वाटणार नाही.

बीजक, विक्रीच्या पानाची जुनी प्रत, केबलच्या दोन्ही टोकांची व मोजमापांची छायाचित्रे, खोक्यातील चिठ्ठी आणि आजवरचा ईमेल व्यवहार सोबत जोडला आहे. माझे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक ऑर्डरमध्ये नोंदलेले आहेत; उत्तर लेखी स्वरूपात, ईमेलने द्यावे.

आपली,
ग्राहक, पुणे