गाडी निघायच्या आधी लस

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात 33 वर्षं आरोग्य सेविका म्हणून काम केलं. 2023 साली निवृत्त झाले. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या तोंडावर आरोग्य खात्यात एकच घाई उडते. सुट्ट्या जवळ आल्या, लसीकरणाचा टक्का घसरू देऊ नका, सत्रं रद्द करू नका, अशा सूचना वरून खाली येतात. त्या बरोबरच असतात. पण आमच्या भागाला लागू पडायला त्या दोन-तीन आठवडे उशिरा येतात. त्याविषयी सविस्तर लिहायचं कित्येक वर्षं मनात होतं.

मुंबई-पुण्यात दिवाळीची सुट्टी म्हणजे चार-पाच दिवसांचा खंड. सत्र बुडालं तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतं. बालाघाटाच्या डोंगरावरच्या आमच्या गावांत तसं होत नाही. इथं दसऱ्याचं सोनं लुटलं की ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाचे ट्रॅक्टर दारात लागतात. कुणी दिवाळी घरी करून जातं, कुणाला दिवाळी उसाच्या फडातच करावी लागते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळे ‘लेकराचा डोस राहिलाय, आठ दिवस थांबतो’ म्हणायची सोय नसते. ट्रॉलीत भांडी, पीठ, सरपण, कोंबड्या आणि वर लेकरं. एकदा गाडी निघाली की ते लेकरू सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडं नाहीतर थेट कर्नाटकात जातं आणि पाडव्याच्या सुमाराला परत येतं. मधले पाच-सहा महिने ते आमच्या रजिस्टरमध्ये फक्त नावाला असतं.

एक लेकरू मला अजून आठवतं. 2006 सालची दिवाळी तोंडावर आली होती. अंगणवाडीत सत्र संपवून मी सामान आवरत होते, तेवढ्यात एक बाई कडेवर मुलगी घेऊन पळत आली. “बाई, आजच टोचून द्या, पहाटं गाडी हाय आमची.” मी कार्ड पाहिलं. मुलीला नऊ महिने पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच द्यायची. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती बाळाच्या अंगात असते, तोवर लस नीट लागू होत नाही, म्हणून तो नियम आहे आणि तो योग्यच आहे. मी तिला समजावलं, कार्डावर तारीख लिहून दिली आणि म्हटलं, जिथं जाशील तिथल्या दवाखान्यात हे कार्ड दाखव. तिला वाचता येत नव्हतं. तिने कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून चोळीत ठेवलं, एवढं मला दिसलं.

फाल्गुनात ती परत आली. फडावर पोरीला गोवर निघाला होता. कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, निंबाचा पाला टाकून पंधरा दिवस ठेवली होती. दवाखान्यात न्यायचं तर दिवसाचा खाडा पडला असता. पोरगी वाचली, पण उजव्या डोळ्यात फूल पडलं होतं. गोवरात अंगातलं अ जीवनसत्त्व झपाट्याने उतरतं, खाणंपिणं आधीच कमी असलं की डोळ्यावर जातं. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या दिवशी अंगणवाडीच्या दारात ती मान तिरकी करून माझ्याकडं बघत होती. कार्ड तसंच पिशवीत होतं. मी लिहिलेल्या तारखेपुढची जागा कोरी.

त्या बाईचं काहीच चुकलं नव्हतं. मीही नियमानेच वागले होते. ती जिथं गेली, तिथल्या सिस्टरच्या यादीत तिच्या गावचीच लेकरं होती, आमचं लेकरू कुठून असणार? आमच्या यादीत ते होतं, पण गावात नव्हतं. दोन याद्यांच्या मधल्या फटीत ते लेकरू पडलं. माझं सगळं म्हणणं या फटीविषयी आहे.

मोठ्या मोहिमांचंही असंच होत आलं. 2018 साली गोवर-रुबेलाची मोहीम आपल्या राज्यात 27 नोव्हेंबरला सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षं वयाची सगळी मुलं. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 7 नोव्हेंबरला होतं. शाळा उघडल्यावर मोहीम घ्यायची, हा हिशेब शहरासाठी बिनचूक होता. आमच्या तांड्या-वस्त्यांवरच्या शाळांत मात्र तोवर अर्ध्या रांगा मोकळ्या झाल्या होत्या. पुढे 2022 मध्ये मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, लेकरं दगावली, तेव्हा विशेष मोहीम आखली गेली. पहिली फेरी 15 ते 25 डिसेंबर, दुसरी 15 ते 25 जानेवारी. ती तातडीची गोष्ट होती, साथ काही मुहूर्त बघून येत नाही, त्यामुळे तारखांबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या दिवसांत मी वस्तीवर गेले की ओट्यावर म्हातारी माणसं आणि त्यांच्या जीवावर ठेवलेली थोडी शाळकरी पोरं, एवढंच भेटायचं. पाच वर्षांखालची लेकरं आईच्या मागं फडावर.

याच्या उलटही मी पाहिलं आहे. 2021 साली कोविड लसीकरणासाठी राज्याने ‘मिशन कवचकुंडल’ घेतलं, 8 ते 14 ऑक्टोबर. म्हणजे ऐन नवरात्रात. घटस्थापना आदल्या दिवशी झालेली. बैठकीत आम्हीच कुरकुर केली होती की बायका नऊ दिवसांच्या उपवासात आहेत, सुई कोण घेणार? आणि खरंच पहिल्या दोन दिवशी बायका येईनात. मग आशाताईंनी तोड काढली. सकाळी यायचं सोडून आरतीनंतर यायचं, देवीच्या मंडपाशेजारीच बसायचं, आधी राजगिऱ्याचा लाडू आणि पाणी, मग डोस, मग अर्धा तास तिथंच गप्पा. रात्री दहापर्यंत लाईन लागली. दसऱ्यानंतर जे कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, गावातून गेले, त्यातले बहुतेक एक तरी डोस घेऊन गेले. त्याच वर्षी 3 नोव्हेंबरपासून ‘हर घर दस्तक’ सुरू झालं, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी. आम्ही घरोघर गेलो. दाराला कुलूप, कुलपाला चिंधी बांधलेली. तीच माणसं, तीच लस, तेच कर्मचारी, आणि अंतर फक्त तीन आठवड्यांचं!

म्हणून सण आडवा येतो असं जे सरसकट बोललं जातं, ते मला पटत नाही. सणाला माणूस घरी येतो. आमच्याकडं महालक्ष्म्यांना, म्हणजे गौरींच्या सणाला, लेकीबाळी माहेरी येतात, कडेवर तान्ही असतात. चाकण-भोसरीला कामाला गेलेली पोरं बायकामुलांसह पोळ्याला, दिवाळीला गावी येतात. सेविकेला जे लेकरू वर्षभर शोधून सापडत नाही, ते त्या तीन दिवसांत गल्लीत रांगत असतं. फक्त त्याचं कार्ड पुण्यात राहिलेलं असतं, आणि कार्ड नाही म्हणून त्याला परत पाठवलं जातं. असं पाठवू नये. आता यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंद बघता येते, आईच्या मोबाईल नंबरवरून लेकरू सापडतं. दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयरोगाच्या लसीचा, व्रण आहे का, मांडीत किती वेळा टोचलं, हे आईला विचारलं तरी पुष्कळ कळतं.

पोलिओत आपण हे जमवलं होतं. 9 डिसेंबर 1995 आणि 20 जानेवारी 1996, या पहिल्या दोन फेऱ्यांना मी बूथवर होते. पुढं पुढं एसटी स्टँडवर, परळीच्या रेल्वे स्टेशनवर, वीटभट्टीवर, उसाच्या फडात, यात्रेत, सगळीकडं टीम फिरायच्या. नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत डाव्या करंगळीवर शाईची खूण असलेली लेकरं खांद्यावर बसून फिरताना बघितली की बरं वाटायचं. 13 जानेवारी 2011 नंतर देशात मूळ (जंगली) विषाणूच्या पोलिओचा रुग्ण सापडला नाही. पण थेंब पाजणं आणि गोवराचं इंजेक्शन देणं यात मोठा फरक आहे. थेंब कुणीही शिकलेला स्वयंसेवक पाजू शकतो. गोवर-रुबेलाच्या बाटलीत पावडर असते. त्यात द्रावण मिसळलं की चार तासांत वापरायची, नाहीतर फेकून द्यायची. एका बाटलीत पाच किंवा दहा डोस. फडावर दोनच लेकरं असली तर सिस्टरच्या पोटात गोळा येतो, बाटली फोडावी की नको? एका लेकरासाठीही फोडावी अशीच सूचना आहे. तरी महिन्याच्या बैठकीत वाया गेलेल्या डोसांचा आकडा मोठ्याने वाचला जातो, आणि ज्या सिस्टरचा आकडा जास्त ती मान खाली घालून बसते. सणाच्या आठवड्यात सत्राला गर्दी कमी असते, तेव्हा ही भीती जास्तच. बाटली फोडायचं धाडस करणाऱ्या सिस्टरला निदान त्या बैठकीत कुणी बोल लावू नये.

लस टिकवणाऱ्यांनाही सुट्टी नसते, हे लोकांना माहीत नसतं. आयएलआरचं, म्हणजे लस ठेवायच्या फ्रीजचं, तापमान दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे आणि ते सकाळ-संध्याकाळ लिहिलं पाहिजे, रविवार असो की लक्ष्मीपूजन. एका दिवाळीत आमच्या केंद्रावरचा कर्मचारी गावी गेला होता, बदली कुणाला दिली नव्हती आणि दुपारी लाईट गेली ती रात्रीपर्यंत आली नाही. शिपायाने मला सांगितलं. मी फराळाचं ताट तसंच ठेवून गेले. झाकण उघडू दिलं नाही, म्हणून आतला थंडावा टिकला आणि लस वाचली. त्या रात्री कुणी गेलंच नसतं तर काय झालं असतं, हा विचार पुढं प्रत्येक दिवाळीत मला येत राहिला. सुट्टीच्या दिवसांची पाळी आधी कागदावर लिहून भिंतीवर लावायला पैसे लागत नाहीत.

आणि आशाताई. एका बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की तिला 100 रुपये मिळतात. बाळ आठव्या महिन्यात फडावर गेलं, तर तिने आधीचे सगळे डोस आठवण करून करून दिलेले असतात आणि शेवटच्या डोसापाशी सगळं अडतं. तिकडच्या आशाताईला ते बाळ आपलं वाटत नाही. दोघींनाही त्या बाळाचा मोबदला मिळावा, म्हणजे एक फोन करेल आणि दुसरी वाट बघेल. शिवाय सणात घरोघर फिरायला सांगायचं असेल तर थकलेले पैसे दिवाळीच्या आधी हातात पडले पाहिजेत. तिच्याही घरी लेकरं आहेत.

माझं मागणं अवघड नाही. ऊस गाळपाची तारीख मंत्री समिती ठरवते. 2021 ला ती 15 ऑक्टोबर होती, 2023 ला 1 नोव्हेंबर, 2024 ला 15 नोव्हेंबर. ती जाहीर झाली की मराठवाड्यातल्या ऊसतोड तालुक्यांनी तिथून तीन-चार आठवडे मागं मोजावं आणि त्या दिवसांत राहिलेल्या सगळ्या डोसांची मोहीम उरकावी, राज्याच्या मोहिमेची वाट बघू नये. कोणती टोळी कोणत्या कारखान्याला चालली हे मुकादमाच्या करारात लिहिलेलं असतं, कारखान्याच्या शेती विभागाला ते ठाऊक असतं. ग्रामसेवकांकडं ऊसतोड कामगारांची ओळखपत्रासाठीची नोंद असते. उसाची एक मोळी कुठल्या गटातून कुठल्या काट्यावर गेली ते कारखान्याला कळतं, तर त्या गाडीवरच्या लेकराचा डोस कधी आहे हे तिथल्या आरोग्य केंद्राला कळवणं का जमू नये? आमच्या जिल्ह्याने यादी पाठवायची, तिकडच्या जिल्ह्याने ती आपल्या लसीकरणाच्या गावनिहाय आराखड्यात घ्यायची आणि लस दिल्यावर उलट कळवायचं. दोन जिल्ह्यांच्या मधलं हे काम राज्याने बांधून दिलं तरच होतं. सिस्टर आपापल्या ओळखीने करतात तेवढं करतातच. सातारा जिल्ह्यातल्या एका सिस्टरचा नंबर मी कित्येक वर्षं डायरीत जपला होता, तिने आमची बरीच लेकरं टोचली. ती निवृत्त झाली आणि तो रस्ता बंद झाला.

महालक्ष्म्या आता आठवड्यावर आल्या आहेत, म्हणजे अजून वेळ हातात आहे. मी परवा आमच्या आशाताईबरोबर बसून यादी काढली. सहा बाळं अशी आहेत की जी नऊ महिन्यांची व्हायच्या आत गाडीत बसणार आहेत. चार सांगलीकडं, दोन कर्नाटकात. सहाही जणांच्या तारखा, आईचा नंबर, मुकादमाचा नंबर, सगळं एका कागदावर लिहून तयार आहे. हा कागद त्या त्या ठिकाणी कुणाकडं पाठवायचा, एवढं आम्हाला कुणीतरी सांगावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
ता. धारूर, जि. बीड