लडाखच्या प्रवासाची तयारी गाडीइतकीच दिवसांचीही हवी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की नाशिकमधल्या गॅरेजांत आणि सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये लडाखचा विषय निघतो. स्वतःच्या गाडीने मुंबई नाक्यावरून आग्रा रस्त्याला लागायचे आणि थेट लेह गाठून परत यायचे, हा बेत आता पूर्वीसारखा अपूर्वाईचा राहिलेला नाही. कुटुंबेच्या कुटुंबे मुलाबाळांसह निघतात. त्यांच्या उत्साहाचे मला कौतुकच आहे. अंबडमध्ये वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात माझी नोकरी झाली आणि या रस्त्यावर मी स्वतःही गाडी चालवली आहे. त्यामुळे ओळखीचे लोक निघण्याआधी गाडी दाखवायला येतात. त्यांची तयारी पाहताना एक गोष्ट सतत खटकते आणि तीच आपल्या पत्रातून वाचकांपुढे मांडावी असे वाटते. गाडीवर हजारो रुपये खर्च होतात, टपावर कॅरिअर बसते, जादा दिवे लागतात. मात्र प्रवासाला दिवस किती द्यायचे हे शिल्लक रजा पाहून ठरवले जाते.

बहुतेकांचा आराखडा बारा-तेरा दिवसांचा असतो. नाशिकहून लेहचे अंतर एका बाजूने दोन हजार किलोमीटरहून अधिक आहे. जाण्यायेण्यातच सात-आठ दिवस मोडतात आणि उरलेल्या चार-पाच दिवसांत नुब्राचे खोरे, पँगाँग आणि त्सो मोरीरी ही सरोवरे असे सगळे बसवायचे असते. कागदावर ते बसतेही, पण शरीराला ते मानवत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. आपण ज्याला उंच म्हणतो ते कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरचे आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरवर वसले आहे, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी लेहचा बाजार त्यांच्याहून वर राहील. मनालीकडून लेहला जाताना लागणारी टांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरहून उंच आहे आणि तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रकिनाऱ्याच्या तुलनेत जेमतेम निम्मा असतो. नाशिकहून नेलेले चिवड्याचे सीलबंद पाकीट तिथे टम्म फुगलेले दिसते. बाहेरच्या हवेचा दाब किती उतरला आहे हे त्या पाकिटावरून डोळ्यांना दिसते, आणि त्याच विरळ हवेत आपली फुप्फुसे, मेंदू आणि गाडीचे इंजिन काम करत असतात.

वैद्यकशास्त्राचा साधा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा खिंड ओलांडून पलीकडे उतरलो तर तितकेसे बिघडत नाही, रात्री झोपतो ती उंची महत्त्वाची असते. भारतीय लष्कर आपल्या धडधाकट, तरुण जवानांनाही या बाबतीत सवलत देत नाही. ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० फुटांवर आणखी चार दिवस आणि त्यापुढे आणखी चार दिवस, अशा टप्प्यांनी त्यांना वर नेले जाते. मग कार्यालयात बसून काम करणाऱ्या माणसाने आणि त्याच्या आठ वर्षांच्या मुलाने दुसऱ्याच रात्री ४,३०० मीटरवर तंबूत झोपावे, हे कोणत्या हिशेबात बसते?

हे उदाहरण काल्पनिक नाही. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. पूर्वी रोहतांग खिंड ओलांडण्यातच दिवसाचा मोठा भाग जाई आणि लोक नाइलाजाने पलीकडच्या लाहौलमधल्या केलाँग किंवा जिस्पाला मुक्काम करत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी त्या खिंडीखालून जाणारा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि चार-पाच तासांचा प्रवास वाचला. लाहौलच्या रहिवाशांसाठी हा बोगदा वरदान आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र पर्यटक वाचलेले तास पुढे जाण्यात घालवू लागले आणि मनालीहून सकाळी निघालेली गाडी त्याच संध्याकाळी सरचूला पोहोचू लागली. सरचूची उंची सुमारे ४,२९० मीटर आहे. तिथे रात्री त्रास झाला तर खाली उतरणे हाच खरा उपाय असतो, पण सरचूहून मनालीकडे परतायचे तर सुमारे ४,९०० मीटर उंचीचा बारालाचा ला पुन्हा चढावा लागतो आणि लेहकडे जायचे तर त्याहून उंच खिंडी आडव्या येतात. पुढच्या पांगची स्थितीही तशीच आहे. तिथे लष्कराची छावणी आहे आणि अडल्यानडल्याला तिची मदत होते, पण आपल्या सहलीचा आराखडा जवानांच्या भरवशावर आखणे मला तरी योग्य वाटत नाही.

म्हणून वेळ कमी असेल त्यांनी श्रीनगरमार्गे जावे आणि मनालीमार्गे परतावे. श्रीनगर सुमारे १,६०० मीटर, कारगिल सुमारे २,७०० आणि मग लेह, असा तो चढ पायरीपायरीने येतो. लेहला पोहोचल्यावर दोन पूर्ण दिवस काहीही पाहायला धावू नये. त्यानंतर आधी नुब्राला जावे. वाटेत खारदुंग ला ओलांडावा लागतो, पण मुक्काम लेहपेक्षा खाली होतो. पँगाँगचा ४,२५० मीटरवरचा मुक्काम त्यानंतर करावा. स्वतःच्या गाडीने हे सारे करायचे तर माझ्या मते अठरा-वीस दिवस हवेत आणि त्यातले दोन-तीन दिवस निव्वळ राखीव हवेत. इतकी रजा नसेल तर रेल्वेने जम्मू किंवा चंडीगढपर्यंत जाऊन पुढे तिथली टॅक्सी करावी. गाडी आपली नाही म्हणून हिमालय काही कमी दिसत नाही.

आपल्या शहरात सायकलपटू आणि धावपटू पुष्कळ आहेत आणि व्यायामाचे शरीर आहे म्हणजे विरळ हवेचा त्रास होणार नाही, असा त्यांच्यापैकी अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. दमसास चांगला असलेला माणूस उलट भराभर वर जातो आणि डोके दुखू लागले तरी ते अंगावर काढतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणे आणि झोप न लागणे ही पहिली लक्षणे आहेत. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून फेस येणे, चालताना झोक जाणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता माणसाला खाली आणावे. प्राणवायूचे हातात मावणारे डबे काही मिनिटांतच संपतात, त्यांच्या जोरावर वर थांबून राहू नये. विरळ हवेच्या त्रासावर डायमॉक्स या नावाने मिळणारी गोळी नाशिकमध्येच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, कारण सल्फाची अॅलर्जी असलेल्यांनी आणि इतर औषधे चालू असलेल्यांनी ती परस्पर घेणे धोक्याचे आहे. लहान मुलांना नेमके काय होते आहे हे सांगता येत नाही. मूल विनाकारण किरकिर करू लागले, जेवेनासे झाले, तर ते कंटाळले असेल असे गृहीत धरू नये.

आता गाडीविषयी. आपल्याकडे उन्हाळ्यात रेडिएटरमधले पाणी कमी झाले की नळाचे पाणी ओतून वेळ मारून नेली जाते. दोन-तीन उन्हाळे असे गेले की आतल्या कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि सहसा न गोठणाऱ्या द्रवाचे, नुसते पाणी होऊन बसते आणि नाशिकमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही. मेमध्ये किंवा सप्टेंबरच्या अखेरीस उंचावर मुक्काम पडला, रात्री पारा शून्याच्या बराच खाली गेला, की ते पाणी गोठते, गोठताना प्रसरण पावते आणि इंजिनच्या ब्लॉकला किंवा रेडिएटरला तडा जाऊ शकतो. निघण्यापूर्वी जुने पाणी पूर्ण काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात भरून घ्यावे. काम एका तासाचे आहे आणि जादा दिव्यांपेक्षा कितीतरी स्वस्त आहे. विरळ हवेत इंजिनाची ताकद उतरते, टर्बो नसलेल्या इंजिनाची तर टांगलांग लावर जवळपास निम्मी होते. अशा वेळी भरलेली गाडी चढावर हाफ क्लचवर ओढत राहिले की क्लच प्लेट जळते. उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडण्याची आपल्या घाटांतली सवयही इथेच मोडून जावे. सरचूच्या पुढच्या गाटा लूप्स या घाटाची २१ वळणे उतरताना गिअर खालचाच हवा, नाहीतर ब्रेक तापून ऐन वेळी लागेनासे होतात. क्लच आणि ब्रेक तपासून घेतल्यावर एकदा सामान भरून, सगळी माणसे बसवून, कसारा घाट उतरून चढून यावे. उणीव असेल तर ती घराजवळच कळेल.

केलाँगजवळच्या टांडीच्या पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी प्रसिद्ध आहे. तिथे टाकी काठोकाठ भरावी आणि चढावर इंधन जास्त लागते हे धरूनच हिशेब करावा. जादा इंधन न्यायचेच असेल तर ते घट्ट झाकणाच्या धातूच्या कॅनमधून न्यावे, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांतून कदापि नेऊ नये.

फोनची गोष्ट अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. घरातल्या निदान दोघांचे क्रमांक वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड करून ठेवावेत. तरीही जिस्पा मागे पडल्यावर लांबच लांब पट्टे रेंजशिवाय जातात, म्हणून अमुक दिवसापर्यंत फोन लागणार नाही असे घरी सांगून निघावे. परदेशातले व्हिडिओ पाहून उपग्रहावर चालणारे फोन किंवा संदेशयंत्रे मागवणारे काहीजण भेटतात. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी साधने आपल्या देशात वापरता येत नाहीत, आणि सीमाभागात ती सापडणे ही साधी बाब नाही.

राखीव दिवस हवेत असे वर लिहिले, त्याचे कारण रस्ता. ऊन चढले की वरचा बर्फ वितळतो आणि सकाळी घोटाभर असलेला नाला दुपारनंतर गाडी ओढून नेण्याइतका भरतो. असे नाले सकाळी लवकर ओलांडावेत आणि उशीर झाला तर अलीकडेच थांबावे. जुलै २०२३ मध्ये बियास नदीच्या पुराने मनालीकडचा महामार्ग जागोजागी वाहून गेला आणि त्याच दिवसांत चंद्रताल सरोवरापाशी पर्यटक कित्येक दिवस अडकून पडले. ज्याला सोमवारी कामावर हजर व्हायचेच आहे, तो अशा वेळी नको त्या पाण्यात गाडी घालतो.

आणखी एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. लडाखमधल्या त्सो कर सरोवराच्या आणि हानले गावाच्या बाजूची चांगथांगची पठारे मोकळी दिसली तरी ती ओसाड नाहीत. तिथे कियांग हे रानगाढव चरते आणि काळ्या मानेचा क्रौंच घरटे करतो. रस्ता सोडून त्या कुरणांत गाडी फिरवली की उमटलेल्या चाकोऱ्या वर्षानुवर्षे बुजत नाहीत. छायाचित्रासाठी तसे करू नये, आणि रस्त्याकडेच्या मार्मोट या खारीच्या कुळातल्या प्राण्याला बिस्किटेही चारू नयेत.

संपादक महोदय, आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. आपल्या पर्यटन पुरवणीत उत्तरेकडच्या डोंगराळ भागातील सहलींचे जे आराखडे प्रसिद्ध होतात, त्यांत प्रत्येक मुक्कामाच्या ठिकाणापुढे त्याची उंची मीटरमध्ये छापावी. अंतर आणि हॉटेलचे दर छापले जातात, त्याच ओळीत ही उंचीही मावेल. दुसरी विनंती अशी की नाशिक रोड-देवळालीच्या तोफखाना केंद्रामुळे आपल्या शहरात लडाखमध्ये सेवा बजावलेले, लष्करी वाहने चालवलेले अनेक माजी सैनिक राहतात. त्यांना, शहरातील डॉक्टरांना आणि जाणकार मेकॅनिकना एकत्र आणून दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, म्हणजे आरक्षणे पक्की होण्याआधी, एक खुली माहितीसभा आपल्या पत्राने घ्यावी. सभागृह मिळवणे, गाडीच्या तपासणीचे प्रात्यक्षिक दाखवणे आणि येणाऱ्या कुटुंबांचे आराखडे एकेक करून पाहून देणे ही कामे मी आणि माझे काही सहकारी विनामूल्य करू.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक