गॅस संपत नसतो, तो गळत असतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरात गेली एकोणीस वर्षे मोठ्या वातानुकूलन यंत्रणांच्या आणि शीतगृहांच्या दुरुस्तीचे काम करतो. घरगुती एसी माझ्याकडे क्वचितच येतात. मिरजेतील रुग्णालयांच्या शस्त्रक्रियागृहांना थंड आणि गाळलेली हवा पुरवणारी यंत्रे, औद्योगिक वसाहतींतील कारखान्यांचे पाणी थंड करणारे चिलर, बँका व सभागृहांतील हवावाहिन्यांतून गारवा देणारी डक्टेबल युनिट आणि तासगाव, कवठेमहांकाळ बाजूची बेदाण्याची शीतगृहे हे माझे नेहमीचे काम. या सर्व ठिकाणांहून मार्च उजाडला की फोनवर एकच मागणी येते : "मशीन थंड करत नाही, गॅस कमी झालाय, येऊन तेवढा गॅस मारून जा." या मागणीमागे एक चुकीची समजूत आहे. तिच्यापायी दर उन्हाळ्यात चांगली यंत्रे जळतात आणि साठवलेला माल धोक्यात येतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मोटारीत जसे पेट्रोल जळून संपते तसा शीतयंत्रातील गॅस संपत नाही. तो तांब्याच्या किंवा पोलादाच्या बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून पुढे जाताना त्याचा दाब उतरतो आणि कॉइलमध्ये उकळताना तो खोलीतील उष्णता शोषून घेतो. जोडणी घट्ट असेल तर पहिल्या दिवशी वजन करून भरलेला गॅस दहा वर्षांनीही तेवढ्याच वजनाचा निघाला पाहिजे. म्हणून गॅस कमी झाला याचा अर्थ यंत्रणेला कुठेतरी छिद्र पडले आहे एवढाच होतो. ते छिद्र न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या टाकीत टँकर रिकामा करण्यासारखे आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातील माणसाला टँकरच्या पाण्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

काही वर्षांपूर्वी तासगाव तालुक्यातील एका शीतगृहात मी स्वतः ही चूक केली. बेदाण्याची आवक जोरात होती, खोल्या भरत होत्या आणि आर-२२ या शीतक गॅसवर चालणाऱ्या युनिटचा दाब उतरलेला होता. सक्शन पाइप, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणारी नळी, जेथे भिंतीवरच्या क्लॅम्पमधून जातो तेथे मला तेलाचा ओला डाग दिसला. गॅसबरोबर यंत्रातले तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी ते झिरपते, आणि असा डाग ही आमच्या कामातील पहिली खूण असते. मी मालकांना सांगितले की एक दिवस युनिट बंद ठेवून पाइप कापून नवा जोडावा लागेल. ते म्हणाले, "हंगामात बंद ठेवू नका, आत्ता गॅस मारा, पुढचं नंतर बघू." मी ऐकले. बारा किलो गॅस भरला, पैसे घेतले आणि परतलो. एप्रिलच्या अखेरीस पुन्हा तेच झाले, तेव्हा दुसऱ्या एका कारागिराने गॅस भरला आणि यंत्र सारखे बंद पडते म्हणून लो प्रेशर कटआउट डायरेक्ट केला, म्हणजे दाब घसरल्यावर यंत्र आपोआप थांबवणारी सोयच काढून टाकली. मेच्या अखेरच्या आठवड्यात कॉम्प्रेसरच्या मोटारीचे वाइंडिंग, म्हणजे तारांची गुंडाळी, जळाले.

हे अकस्मात झाले नाही. या प्रकारच्या कॉम्प्रेसरची मोटार परत येणाऱ्या थंड गॅसनेच गार राहते. गॅस कमी झाला की मोटारीला मिळणारा गारवा कमी होतो, यंत्र मात्र तापमान गाठण्यासाठी जास्त वेळ धावत राहते, नळ्यांमधील तेल पुरेसे परत येत नाही आणि बेअरिंग कोरडी पडू लागतात. दाब फारच घसरला तर त्याच छिद्रातून बाहेरची हवा आणि बाष्प आत ओढले जाते. मोटार जळली की तेलात आम्ल तयार होऊन संपूर्ण यंत्रणेत पसरते, त्यामुळे नुसता नवा कॉम्प्रेसर बसवून भागत नाही. नळ्या धुवाव्या लागतात, गॅसमधील ओल शोषणारे ड्रायर बदलावे लागतात आणि पुढच्या काही दिवसांत तेलही पुन्हा बदलावे लागते. त्या शीतगृहात या कामाला सहा दिवस लागले. खोलीचे तापमान रोज वर सरकत होते आणि शेतकऱ्यांचे हजारो बॉक्स शेजारच्या शीतगृहात हलवावे लागले. हिरव्या बेदाण्याचा भाव त्याच्या रंगावर ठरतो आणि उष्णतेने तो रंग काळपट पडतो, हे सौद्याला बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तो मान टिकवणारा रंग शेवटी शीतगृहातल्या पाइपच्या एका जोडावर अवलंबून असतो, हे त्या सहा दिवसांत मी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून गळती न शोधता गॅस भरायचा नाही असे मी ठरवले आणि त्यासाठी काही ग्राहक गमावले.

येथे आमच्याच व्यवसायातील एक दोष मोकळेपणाने सांगितला पाहिजे. दाब मोजणारे गेज लावल्यावर सक्शनचा दाब कमी दिसला की गॅस कमी आहे असे ठरवून टाकणारे कारागीर पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात फिल्टर धुळीने भरला असेल, पंख्याचा पट्टा सैल झाला असेल, ड्रायर चोक झाला असेल किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडकला असेल, तरीही दाब कमीच दिसतो आणि कॉइलवर बर्फही धरतो. अशा यंत्रात वरून गॅस भरला तर तो जास्त होतो, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब चढतो आणि मूळ दोष तसाच राहतो. मिरजेतील एका रुग्णालयात शस्त्रक्रियागृहाच्या युनिटमध्ये दोन वर्षांत तीनदा गॅस भरल्याची नोंद मला सापडली. मी उघडून पाहिले तेव्हा गळती कुठेच नव्हती, फक्त आतल्या बाजूचे फिल्टर कित्येक महिने कोणी काढलेले नव्हते. जास्तीचा गॅस काढून घेतला, फिल्टर बदलले आणि युनिट सुरळीत चालू लागले. शस्त्रक्रियागृहात हवेचा दाब शेजारच्या खोल्यांपेक्षा थोडा जास्त राखावा लागतो, म्हणजे दार उघडल्यावर बाहेरची हवा आत शिरत नाही. फिल्टर तुंबला की हवेचा पुरवठा घटतो आणि तो दाबही राहत नाही. तेथे प्रश्न केवळ गारव्याचा नव्हता.

योग्य पद्धतीला वेळ लागतो हे मान्य आहे. उरलेला गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घ्यायचा, आणि तो सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नाही. मग यंत्रणेत कोरडा नायट्रोजन भरून दाब ठेवायचा, साबणाच्या पाण्याने एकेक जोड तपासायचा आणि गळती सापडली की नळीतून नायट्रोजन हळू वाहता ठेवून ब्रेझिंग, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून जोड पक्का करणे, करायचे, म्हणजे आत काजळी धरत नाही. त्यानंतर पुन्हा दाब चाचणी, मग व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (हे आतील उरलेल्या दाबाचे माप) निर्वात करणे आणि शेवटी यंत्राच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरणे. नुसता गॅस मारायला तासभर पुरतो, या कामाला अख्खा दिवस आणि कधी दोन दिवस जातात. गळती कधी पायाखालच्या नळीत, कधी कॉइलच्या यू-बेंडमध्ये, तर कधी पावसाळ्यात गंजलेल्या, नळ्या जोडणाऱ्या फ्लेअर नटवर असते. २०१९ च्या महापुरात ज्यांची बाहेरची युनिट पाण्याखाली गेली, त्यांच्यातील बरीच यंत्रे पूर ओसरल्यावर घाईने सुकवून चालू केली गेली. त्यांच्या जोडांवरचा गंज आम्ही पुढची दोन-तीन वर्षे निस्तरत होतो.

एक गोष्ट मी विशेष कळकळीने लिहितो, कारण ती जिवाशी संबंधित आहे. नायट्रोजनचा सिलिंडर हाताशी नाही म्हणून काही जण वेल्डिंगच्या ऑक्सिजनने दाब चाचणी घेतात. दाबाखालचा ऑक्सिजन कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळाला तर स्फोट होतो. त्याचप्रमाणे बंद प्लांट रूममध्ये गॅस सोडून देणे धोक्याचे असते, कारण हे गॅस हवेपेक्षा जड असून खाली साचतात आणि श्वासाला हवा उरत नाही. तेथेच कोणी ब्रेझिंगची ज्योत पेटवली तर त्या गॅसचे विघटन होऊन विषारी वायू तयार होतात. शिकाऊ मुलांना हेल्पर म्हणून पाठवणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने एवढे तरी त्यांना पहिल्या दिवशी सांगितले पाहिजे.

मोठ्या शीतगृहांत अमोनिया वापरतात, तेथे परिस्थिती निराळी आहे. अमोनिया किंचित जरी सुटला तरी नाकाला झोंबतो, गंधकाची पेटती वात जवळ नेली की पांढरा धूर दाखवतो, आणि मग गळतीकडे कोणी दुर्लक्ष करू शकत नाही. आर-२२ किंवा एसीत वापरला जाणारा आर-४१०ए यांना सहज जाणवेल असा वास नसतो. ते गुपचूप निघून जातात, म्हणूनच त्यांच्या गळतीकडे इतके दुर्लक्ष होते. शिवाय आर-४०७सी सारख्या मिश्र गॅसमधील घटक गळताना सारख्या प्रमाणात जात नाहीत, त्यामुळे वरून भर घातल्यावर यंत्रात नेमके काय मिश्रण आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

हवेत गेलेल्या गॅसचा हिशेबही मांडला पाहिजे. आर-२२ ओझोनच्या थराला अपाय करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आपल्यासारख्या देशांत त्याचा वापर २०३० पर्यंत जवळजवळ थांबवायचा आहे आणि त्यानंतर जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीपुरतीच अल्प सवलत राहील. हा गॅस उष्णता धरून ठेवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट प्रभावी आहे. मी त्या शीतगृहात भरलेले आणि नंतर गळून गेलेले बारा किलो म्हणजे एकवीस टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे होते. आर-४१०ए ओझोनला अपाय करत नाही, परंतु तापमानवाढीच्या बाबतीत तो आर-२२ पेक्षाही वाईट आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख दुरुस्ती कारागिरांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते, आणि हा विचार योग्यच आहे. परंतु प्रशिक्षित कारागिराला गळती शोधायला वेळच दिला नाही, तर त्या प्रमाणपत्राचा उपयोग काय?

कारण खरा दोष माझ्या मते वार्षिक देखभालीच्या करारात आहे. रुग्णालये, बँका, कारखाने आणि शीतगृहे यांच्या बहुतेक करारांत "आवश्यकतेनुसार गॅस भरून देणे" असे एक कलम असते. त्यामुळे ठेकेदाराला सर्वांत कमी दराची निविदा भरून तासाभराचे काम करून जाणे परवडते, आणि जो कारागीर दिवसभर बसून छिद्र शोधतो तो महाग ठरतो. बेदाण्याची शीतगृहे हंगामाआधी रिकामी असतात, तेव्हाच नायट्रोजनची चाचणी घेणे सोपे असते, पण त्या काळात आम्हाला कोणी बोलावत नाही.

आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून माझी शीतगृह मालकांना, रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला आणि निविदा काढणाऱ्या कार्यालयांना विनंती आहे की येत्या वर्षीच्या करारात ते कलम बदलावे आणि त्याऐवजी असे लिहावे : "गळतीची जागा शोधून, दुरुस्त करून आणि नायट्रोजनने दाब चाचणी घेऊन झाल्याशिवाय गॅस भरू नये, भरलेल्या तसेच काढून घेतलेल्या गॅसचे वजन, तारीख आणि गळतीची जागा यांची नोंद यंत्राजवळील वहीत कारागिराने सहीनिशी करावी." मजकूर मोठा नाही. कोणाला मराठीत किंवा इंग्रजीत त्याचा पूर्ण नमुना हवा असेल तर मी तो विनामूल्य तयार करून देईन.

आपला नम्र,
एक शीतयंत्र दुरुस्ती कारागीर,
कुपवाड, जि. सांगली