मुक्तास, शनिवारच्या खेळाआधी

प्रिय मुक्ता,

अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बाबा ओरडले, तू ओरडलीस, आणि मी मध्ये पडेपर्यंत फोन बंद झाला होता. आपल्या घरात कुणी कुणाला वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून लिहायला बसले. शनिवारी तू त्या दोन दिवसांच्या एअरसॉफ्टच्या खेळाला, प्लॅस्टिकच्या गोळ्यांच्या त्या लुटुपुटूच्या लढाईला, निघशील, त्याआधी हे तुझ्या हाती पडावं. जाऊ नकोस असं सांगायला हे पत्र नाही. बाबांनाही तसं म्हणायचं नव्हतं, त्यांचा आवाजच तसा लागला.

तू सांगितलंस ते असं. समोरच्या मुलाला तुझी गोळी लागली, तो बाद झाला नाही. पुन्हा लागली, तरी हललासुद्धा नाही. मग तू झाडाआडून बाहेर आलीस आणि अगदी जवळून त्याच्या पाठीवर सगळं मॅगझिन रिकामं केलंस. तो भांडायला आला, तशी तूही भांडायला उभी राहिलीस, आणि काचेवर वाफ धरली होती म्हणून गॉगल कपाळावर सरकवलास. हे शेवटचं तू हसत हसत सांगितलंस. खेळ चालू होता ना गं तेव्हा?

डोळ्यांबद्दल लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे. नंदूमामाचं तुला माहीत आहे.

त्या मुलाचं आधी बघू. तो लबाड असेलही. पण 0.20 ग्रॅमची प्लॅस्टिकची गोळी लांबून जाड जाकिटावर किंवा पाठीवरच्या पिशवीवर आपटली, आणि माणूस धावत असला, तर त्याला खरंच कळत नसेल. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग उमटतो, वाद मिटतो. तुमच्या खेळात काहीच उमटत नाही. ज्याला लागली त्याने स्वतः ‘हिट’ म्हणून ओरडायचं, हात वर करायचा, लाल फडकं डोक्यावर धरायचं आणि शत्रू कुठे दडलाय हे आपल्या गड्यांना न सांगता मुकाट्याने बाहेर पडायचं. सगळा डाव एवढ्यावर उभा. मला तर हेच आवडलं होतं. तू पहिल्यांदा या खेळाबद्दल सांगितलंस तेव्हा बाबा बंदुकांबद्दल विचारत होते आणि मी मनात म्हणत होते, बरं झालं, रडीचा डाव चालत नाही असा एखादा खेळ पोरीला सापडला.

लहानपणी लपाछपीत तू दाराआडून आपणहून बाहेर यायचीस. ज्याच्यावर राज्य, तो पुढे निघूनही गेलेला असायचा. ‘त्याला माझा पाय दिसला होता, तो बोलला नाही एवढंच,’ म्हणायचीस आणि राज्य घ्यायचीस. शिरीष तुला वेडी म्हणायचा. मला त्या वेळी एवढा अभिमान वाटायचा की काय बोलावं सुचायचं नाही, म्हणून मी ‘जा, पाय धुऊन ये’ म्हणायचे.

म्हणूनच ते मॅगझिन रिकामं करणं मला खटकलं. समोरचा ‘हिट’ म्हणत नसेल तर पंच आहेत, तुमचे ते मार्शल. त्यांना खूण करायची आणि आपण पुढच्या कामाला लागायचं. ते त्याच्यावर लक्ष ठेवतील, हवं तर स्वतः त्याच्यावर गोळी मारून बघतील. शिक्षा देणं तुझं काम नव्हे, आणि जवळून तर नव्हेच. ऊर्जेचं सूत्र, अर्धा एम व्ही स्क्वेअर, मी आयुष्यभर फळ्यावर लिहिलं आहे. 0.20 ग्रॅमची गोळी सेकंदाला 100 मीटर वेगाने सुटली की बरोबर 1 जूल. जपानात, जिथे हा खेळ जन्मला, तिथे कायद्याची मर्यादा साधारण तेवढीच आहे, सुमारे 0.98 जूल. आकडा छोटा दिसतो. पण हलकी गोळी हवेत झपाट्याने वेग गमावते, म्हणजे तीस मीटरवर जी टिचकी तीच दोन मीटरवर कातडी फोडते. तुमच्यात जास्त ताकदीच्या स्नायपर बंदुकांना किमान अंतराची अट घालतात ती याचसाठी. अट बंदुकीला असते म्हणून साध्या बंदुकीने पाठीला नळी टेकवून मारावं असं होत नाही.

हे बघ, सुरू झाला माझा तास. क्षमा कर. पण सुरू झालाच आहे तर ऊर्जेचंच आणखी एक सांगते, कारण ते तुला कुणी सांगितलेलं दिसत नाही. क्रोनोवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर, वेग मोजताना काही जण हलकी गोळी घालतात आणि मैदानात जड. गॅसवरच्या काही बंदुकांत जड गोळी नळीत जास्त वेळ रेंगाळते, मागचा दाब तिला जास्त वेळ ढकलतो. वेग उतरलेला दिसतो आणि ऊर्जा मात्र चढलेली असते. खेळायची जी गोळी तीच घालून मोजा, असा आग्रह धर. तुझ्या स्वतःच्या बंदुकीपासून सुरुवात कर, म्हणजे कुणाला बोलायला जागा राहणार नाही.

आणि तो गॉगल. लिहिणार नव्हते, पण तो मुलगा उलट वळून एक जरी गोळी सोडता तर? त्यानेच कशाला, पलीकडच्या झुडपातून तिसऱ्याच कुणाची भरकटलेली आली असती तर? असल्या गोळीने डोळा फुटायलाच हवा असं नाही. आतल्या आत, पुढच्या भागात रक्त उतरतं, बाहेरून नुसता लाल दिसतो. आतला दाब वाढतो, आणि काचबिंदू कधी कधी वर्षांनी उगवतो. मैदानात कुणाला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, पाणी मारायचं नाही. डोळ्याला न टेकेल असं काहीतरी कडक झाकण वरून धरायचं, त्याला बसतं ठेवायचं आणि थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं. ‘थोडं बरं वाटतंय’ यावर कुणालाही घरी सोडू नका.

नंदूमामा अजून पाणी ओतताना तांब्याचं तोंड भांड्याच्या काठाला आधी टेकवतो, मग तांब्या कलता करतो. पाहुणे असले की हळूच टेकवतो, आवाज होऊ देत नाही. जिना उतरताना शेवटच्या पायरीवर त्याचा पाय क्षणभर अधांतरी थांबतो, जमीन किती खाली आहे ते चाचपत. तो तुझ्यापेक्षाही लहान होता. त्या दिवशीही मुद्दाम कुणी मारलं नव्हतं.

तुझ्या गॉगलवर ईएन 166 या युरोपातल्या चष्म्यांच्या मानकाच्या आकड्याशेजारी ‘बी’ हे अक्षर आहे, तूच दाखवलं होतंस. त्या चाचणीत 6 मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला 120 मीटर वेगाने काचेवर मारतात. गोळीचं वजन 0.86 ग्रॅम धरून मी हिशोब केला, 6 जूलच्या वर गेला. म्हणजे काच तुमच्या खेळाला पुरून उरते. डोळ्यांसमोर असली तर. वाफ धरली की माणूस आंधळा होतो, हे मला पटतं. तू नाकावरून फडकं बांधतेस, त्यातून सगळा श्वास वर काचेकडे जातो. खालचा चेहरा झाकणारा जाळीचा मुखवटा घे, दातही वाचतील. तरीही दिसेनासं झालं तर ‘हिट’ म्हणून हात वर कर, कुणाला तरी हाक मार, त्याचा खांदा धरून सेफ झोनपर्यंत, म्हणजे गोळी मारायला बंदी असलेल्या जागेपर्यंत, ये. डाव गेला तर जाऊ दे.

तुला चांगलं काही लिहायचं राहूनच जातंय. मागच्या खेपेला तू भिंतीला वळसा घालून त्या दोघांच्या मागे पोचलीस, हात लांबवला तर खांद्याला लागेल एवढी जवळ, आणि न मारता ‘बँग बँग’ म्हणालीस. ते मी शेजारी, शाळेत, सगळीकडे सांगितलं. जवळून नुसतं ‘बँग’ म्हणून बाद करायचं, हा नियम सगळ्या मैदानांवर नसतो म्हणे, आणि समोरच्याने मानलंच पाहिजे असंही नसतं. तुझे ते दोघे हसत बाहेर गेले. ती मुक्ता आणि रविवारची मुक्ता एकच, हे मला कळतं. चिडलीस की तुझं माझ्यावर जातं.

बाकीचं तुला येतंच, मी उगाच उजळणी घेते. सेफ झोनमध्ये शिरताना आधी मॅगझिन काढायचं, मग मोकळ्या दिशेला एक बार, मग सेफ्टी. उलट केलंस तर नळीत एक गोळी राहते. भिंतीवरून नुसती बंदूक बाहेर काढून न बघता मारू नकोस. प्रवासात बंदूक बंद पिशवीत, बॅटरी काढून वेगळी. लांबून बघणाऱ्याला ती खरीच वाटते, आणि घाबरलेल्या माणसाला समजावत बसायला वेळ मिळेलच असं नाही. ‘सीज फायर’ पुकारलं तरी गॉगल डोळ्यांवरच. हे शेवटचं मी दुसऱ्यांदा लिहिलं की तिसऱ्यांदा, मोजत नाही.

त्या मुलाशी शनिवारी गाठ पडली तर आधी आपणहून बोल. पाठीवर वळ उठले असतील, विचार. त्याने ‘हिट’ का नाही म्हटलं तेही विचार, पण नंतर.

तुझी
आई

ता. क. बाबांनी तुझ्या गॉगलसाठी दुहेरी काच मागवली आहे, तिच्यावर वाफ कमी धरते म्हणे. शुक्रवारपर्यंत तुझ्या पत्त्यावर येईल. मापं त्यांनी जुन्या फोटोवरून काढली आहेत, त्यामुळे आल्या आल्या बसवून बघ आणि कडेला फट राहत असेल तर त्यांनाच फोन कर, मला नको.