लेप नेमका कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खांद्याच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या लेपयुक्त इम्प्लांटविषयी, म्हणजे शरीरात बसवायच्या भागाविषयी, आपल्या दैनिकात आलेली बातमी वाचली. या लेपामुळे फाटलेली कंडरा हाडाशी पक्की जुळते, असा तिचा सूर होता. माझ्याकडे व्यायामासाठी येणाऱ्या तीन रुग्णांनी ती एकाच दिवशी मोबाइलवर दाखवली, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

स्नायू ज्या चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती कंडरा, म्हणजेच टेंडन. ती हाडाला नुसती चिकटलेली नसते. मऊ कंडरेपासून कठीण हाडापर्यंत जाताना आधी साध्या आणि मग क्षार भरलेल्या कूर्चेचा थर लागतो, आणि कठीणपणा असा टप्प्याटप्प्याने वाढत गेल्यामुळेच ओढ एका रेषेवर एकवटत नाही. फाटलेली कंडरा पुन्हा हाडाला शिवली, तरी हे थर पूर्वीसारखे तयार होत नाहीत. त्यांच्या जागी व्रणाची ऊती भरते आणि ती मूळ जोडाइतकी मजबूत नसते.

शस्त्रक्रियेत हाडात अँकर, म्हणजे दोरा ओवलेला बारीक स्क्रू, बसवतात आणि त्या दोऱ्याने कंडरा हाडावर दाबून बांधतात. हा अँकर टायटॅनियमचा असतो, ‘पीक’ नावाच्या प्लास्टिकचा असतो किंवा शरीरात हळूहळू विरघळणारा असतो. यांपैकी पीक हाडाशी आपणहून जुळत नाही. त्यावर टायटॅनियमचा किंवा हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटचा, म्हणजे हाडात असते तशाच कॅल्शियम-फॉस्फेट खनिजाचा, लेप देण्याची कल्पना रास्तच आहे; कृत्रिम खुब्याच्या दांड्यांवर असा लेप १९८० च्या दशकापासून दिला जातो. परंतु या लेपाने पक्का होतो तो अँकर आणि हाड यांचा जोड. कंडरा आणि हाड यांचा जोड वेगळा, आणि आपल्या बातमीत नेमकी याच ठिकाणी गल्लत झाली आहे. शिवलेली कंडरा पुन्हा फाटते तेव्हा बहुतेक वेळा अँकर जागच्या जागी असतो. कंडराच दोऱ्यातून सुटून आलेली असते.

कंडरेच्या जोडावर थेट काम करणारे संशोधनही चालू आहे. जपानमधील त्सुकुबा विद्यापीठाच्या संशोधकांनी गुडघ्यातील फाटलेल्या लिगामेंटच्या, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्याच्या, जागी बसवण्यासाठी घेतलेली कंडराच कॅल्शियम आणि फॉस्फेटच्या द्रावणांत आळीपाळीने बुडवून तिच्यावर खनिज चढवले आणि रुग्णांवरही हा प्रयोग केला. इथे लेप स्क्रूला नसून कंडरेला आहे. हा फरक बातमीत एका वाक्यात सांगता आला असता.

पुन्हा फाटण्याचा प्रश्न किती मोठा आहे, याचे एक उदाहरण देतो. अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, खांद्याच्या कंडरेची मोठी फाट दुर्बिणीतून शिवलेल्या १८ रुग्णांपैकी १७ जणांच्या सोनोग्राफीत कंडरा पुन्हा फाटलेली आढळली. गंमत अशी की, त्यांतील बहुतेकांचे दुखणे सुरुवातीला कमी झाले होते! तंत्र त्यानंतर सुधारले आहे, पण दुखणे थांबले म्हणजे जोड भरला, असे मानू नये एवढे त्यावरून नक्की कळते.

हे लिहिण्यामागे एक प्रसंग आहे. अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्याच आठवड्यात हाताला आधार देणारी झोळी काढून दोरीवर ओली चादर टाकताना खांदा धरून बसल्या. सहा आठवडे झोळी काढायची नाही, हे त्यांना सांगितलेले होते. विचारले तर म्हणाल्या, “अहो, आत लेपाचा स्क्रू आहे ना, महागातला!” त्यांची फाइल पाहिली, तर बिलात ‘अँकर, नग दोन’ एवढेच होते. तो कशाचा, त्यावर लेप कोणता, याचा उल्लेख नव्हता आणि खोक्यावरचे स्टिकरही कुठे चिकटवलेले नव्हते. पुढे एमआरआय करायचा झाला किंवा दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, तर तेथील डॉक्टरांनी हे कशावरून ओळखायचे?

म्हणून शल्यविशारदांना विनंती, की डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचे नाव, पदार्थ आणि लेप लिहावा, आणि त्या लेपाने काय होत नाही तेही रुग्णाला तोंडी सांगावे. आपल्या वार्ताहरांनीही अशी बातमी देताना प्रयोग सशावर झाला की माणसावर, आणि लेप अँकरला होता की कंडरेला, या दोन गोष्टी पहिल्या परिच्छेदातच द्याव्यात.

आपला,
एक फिजिओथेरपिस्ट, नाशिक